घरच्या कार्डाचा कोपरा

मी एक लाकडी खण. टेबलाला असतो तसलाच, फक्त अंगाने लांब आणि छातीने अरुंद. खणाने बोलावं हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण आयुष्यभर लोक माझ्या तोंडात काही ना काही कोंबत आले. आज त्यातलं थोडं बाहेर काढतो, एवढंच.

एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयासाठी साठ खणांचं कपाट करायचं होतं, तेव्हा मी जन्मलो. मी त्रेचाळिसावा. तोवर सुतार कंटाळला असावा, कारण त्याने मला केसभर जास्त रुंद कापलं. चूक त्याच्या लक्षात आली. त्याने माझ्या तळाला पेन्सिलीने लिहिलं, ‘४३, घासणे’, आणि घासायचंच विसरला. त्यामुळे बाकीचे एकोणसाठ जण बोट लावताच सरकायचे आणि मी मात्र अडायचो, करकरायचो. वाचक मला टाळायचे. कोणी ओढलंच तर दात-ओठ खाऊन ओढायचे. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. ज्याला खरंच काही हवं असेल तो ओढेलच, असा माझा हिशेब होता.

पुस्तकांची कार्डं पोटात, त्यांना भोक पाडून आरपार घातलेली एक पितळी सळई, अशी माझी कित्येक वर्षं गेली. मग संगणक आले. पुस्तकांच्या याद्या त्यांच्या पोटात गेल्या आणि आमचं कपाट भंगारात निघालं. हमालांनी भराभर खण उपसले. माझ्यापाशी येऊन ते अडले. एकाने असा हिसका दिला की माझी मूठच त्याच्या हातात आली आणि माझे सांधे खिळखिळे होऊन कायमचे करकरू लागले.

“राहू दे तो,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “त्याला जायचं नाहीये. माझ्या टेबलावर ठेवा.”

माझ्या अडेलपणाने मला वाचवलं. तेव्हापासून त्या स्वभावाबद्दल मी कधी माफी मागितलेली नाही.

बाईंविषयी सांगायला हवं. किडकिडीत अंगाची, जाड भिंगांची, पायात कायम सपाट चपला. त्यांची एक खोड साऱ्या संस्थेत प्रसिद्ध होती: त्या कुठलाही शोधनिबंध शेवटून वाचायच्या. निबंधाच्या शेवटी यादी असते ना, लिहिणाऱ्याने कोणाकोणाच्या कामाचा आधार घेतला त्याची, तिथून त्यांचं वाचन सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. “माणूस काय बोलतो त्यापेक्षा तो कोणाचे उपकार मानतो ते बघावं,” असं त्यांचं म्हणणं.

संशोधकांचीही एक गंमत मी टेबलावरून रोज बघायचो. नवा अंक आला की प्रत्येक जण आधी शेवटचं पान उघडायचा, यादीवरून बोट फिरवायचा, स्वतःचं नाव शोधायचा आणि मग कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून हळूच इकडेतिकडे बघायचा. मोठमोठे पांढऱ्या केसांचे विद्वान! सापडलं की चेहरा खुलायचा, नाही सापडलं की “अंक काही खास नाही” म्हणून खाली ठेवायचे.

एका दुपारी एक तरुण बाई टेबलापाशी येऊन उभी राहिली. संगणक विभागात नव्याने लागलेली, तीन वर्षांच्या मुदतीवर. पुढे सगळे तिला मॅडम म्हणू लागले, म्हणून मीही म्हणतो. तिने आठ पानांचा एक निबंध लिहिला होता. काम करता करता संगणक अचानक बंद पडला, तर पुन्हा चालू झाल्यावर त्याने पहिल्यापासून सुरुवात न करता जिथे थांबला तिथूनच काम कसं उचलावं, याची एक साधी युक्ती त्यात होती. चालता चालता वाटेत खुणा ठेवत जायचं, पण अशा बेताने की खुणा ठेवण्यातच वेळ जाऊ नये.

“बाई, माझा पेपर कोणी वाचला असेल का हो?” तिने विचारलं.

“वाचला की नाही ते मला कळत नाही,” बाई म्हणाल्या. “पण कोणी नाव घेतलं तर कळेल. थांब, आपण बघत राहू.”

आणि त्यांनी माझ्या रिकाम्या पोटावर हात ठेवला. मला नोकरी लागली: कोणी तिचं नाव घेतलं की त्याचं एक कार्ड माझ्या पोटात.

दोन वर्षं मी उपाशी होतो. सळई होती, कार्ड एकही नव्हतं. दर गुरुवारी दुपारी बाई नवे अंक आणि परिषदांचे जाडजूड खंड घेऊन बसायच्या, शेकडो याद्यांवरून बोट फिरवायच्या आणि मान हलवून उठायच्या. दर गुरुवारी संध्याकाळी मॅडम दारातून डोकावायच्या. मला रिकामा बघून परत जायच्या.

पहिलं कार्ड आलं ते भांडणाचं. दूरच्या कोणीतरी मॅडमच्या युक्तीतली एक चूक दाखवून दिली होती. मॅडमचा चेहरा पडला.

“अगं, रडतेस काय!” बाई म्हणाल्या. “भांडायला तरी वाचावं लागतं. सगळी आठ पानं वाचलीत त्याने. तू तुझ्या नातेवाइकांना तरी वाचायला लावू शकली आहेस का?”

मॅडम हसल्या, खोलीत गेल्या आणि सात महिन्यांनी चूक दुरुस्त करून आल्या. तो त्यांचा दुसरा निबंध. त्यानंतर कार्डं येऊ लागली, आधी महिन्याला एखादं, मग आठवड्याला दोन-तीन.

बाईंची मोजायची पद्धत त्यांची स्वतःची होती. नुसतं नाव आलं म्हणून त्या खूश होत नसत. प्रत्येक कार्डाच्या तळाशी त्या एक-दोन शब्द लिहायच्या. ज्याने युक्ती खरोखर कामाला लावली त्याच्या कार्डावर ‘वापरलं’. ज्याने वीस नावांच्या घोळक्यात हेही एक ढकलून दिलं त्याच्यावर ‘गर्दीत नाव’. ज्याने विरोध केला त्याच्यावर ‘वाद घातला’. आणि दुसरा नियम त्याहून कडक: मॅडमनी स्वतःच स्वतःचं नाव घेतलं, किंवा त्यांच्या विद्यार्थ्याने, सहकाऱ्याने घेतलं, तर ते कार्ड पिवळं. बाहेरच्यांची कार्डं पांढरी. “घरच्यांनी केलेलं कौतुक मोजायचं नसतं,” बाई म्हणायच्या, “ते फक्त जपून ठेवायचं असतं.”

याच विभागात एक सर होते. त्यांचं टोपणनाव छापखाना. महिन्याला एक निबंध हा त्यांचा शिरस्ता. माणूस मनाचा चांगला, फक्त हात थांबत नसे. ते मॅडमना कळवळून सांगायचे, “अहो, तुमच्या एका पेपरचे पाच करा ना! थोडं थोडं वाटून टाका. मी तुमची नावं घेतो, तुम्ही माझी घ्या. कोणाचं काय जातंय?”

“सर, एवढं सांगायला मला आठच पानं लागली,” मॅडम म्हणायच्या. “उरलेल्या चार पेपरांत काय लिहू?”

बारा वर्षांत त्यांनी सहा निबंध लिहिले. फक्त सहा. तीन-तीन वर्षांच्या चार मुदती झाल्या आणि तो दिवस जवळ आला ज्याची भीती होती. यापुढे मुदतवाढ नव्हती. समिती बसणार होती. एकतर मॅडम कायम होतील, नाहीतर त्यांची खोली रिकामी होईल, संगणक दुसऱ्यांना जातील आणि त्यांच्या हाताखालच्या दोन मुलींना आपापलं अर्धवट काम घेऊन दुसरं दार ठोठावावं लागेल.

समितीने एक अट घातली होती. प्रत्येकाचा एक आकडा काढायचा आणि तो किमान दहा हवा. मॅडमचा आकडा होता सहा.

हा आकडा काय असतो ते मला बाईंच्या घरी कळलं. होय, मी त्यांच्या घरी गेलोय, कापडी पिशवीतून, बसने, त्यांच्या मांडीवर बसून. तिथे जाण्याची वेळ का आली तेही सांगतो.

समितीला नऊ दिवस राहिले होते. बाईंनी ठरवलं, आपली सगळी कार्डं मोजून समितीपुढे ठेवायची. त्यांनी सळई काढली, मला टेबलावर उलटं केलं, पांढरी एकीकडे आणि पिवळी एकीकडे लावायला घेतली, आणि त्यांचा हात थांबला.

मी बारा वर्षं खिडकीशी होतो. दुपारचं ऊन रोज माझ्या पोटात उतरत होतं. जुनी पांढरी कार्डं सगळी पिवळी पडली होती आणि पिवळी होती ती विटून फिकी झाली होती. कोणतं घरचं, कोणतं बाहेरचं, ओळखणार कसं? उभं आयुष्य जुन्या कागदांत काढलेली बाई, आणि पांढरा कागद पिवळा पडतो हे तिलाच सुचू नये! त्यांनी एकेक कार्ड उजेडात धरून पाहिलं, उपयोग झाला नाही. मला इतकी लाज वाटली, जणू ते ऊन मीच घरात घेतलं होतं.

छापखाना सर म्हणाले, “अहो, मग सगळीच पांढरी धरा! कोण तपासणार आहे?”

“मी तपासणार आहे,” बाई म्हणाल्या.

मॅडम मदतीला आल्या तर बाईंनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. “तू लांब राहा. आपला पेपर आपणच तपासायचा नसतो.”

असा मी बाईंच्या घरी पोचलो. दीड खोलीचं घर. खिडकीपाशी त्यांच्या नवऱ्याचं टेबल, कारण ते घड्याळजी. टेबलावर चिमटे, इवले स्क्रू, उघडी पडलेली घड्याळं. त्या घड्याळांमध्ये त्यांनी माझ्यासाठी जागा केली. माझी करकर ऐकली आणि तेलाची कुपी घेऊन धावले.

“त्याला काही करू नका,” बाई म्हणाल्या. “तो असाच आहे.”

“हो का! म्हणजे तुझाच भाऊ.”

मग बाईंनी नवऱ्याला आकडा समजावला. “समजा एखाद्याचे दहा पेपर आहेत आणि त्यातला प्रत्येक निदान दहा वेळा दुसऱ्यांनी आधाराला घेतलाय, तर त्याचा आकडा दहा. वीस पेपर निदान वीस वेळा, तर वीस.”

“आणि तुझ्या मॅडमचे सहाच पेपर?”

“सहाच. सगळे भरपूर घेतलेले.”

“म्हणजे मी आयुष्यात सहाच घड्याळं केली आणि सगळं गाव त्यांच्यावर चाललं, तरी माझा आकडा सहा?”

“सहाच. सातवर जाऊच शकत नाही.”

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. “मग अगं, हे कामाचं माप नाही, घाईचं आहे.”

“तसंही नाही हो,” बाई म्हणाल्या. मला त्यांचं हेच आवडायचं, त्या शत्रूलाही न्याय द्यायच्या. “एकच पेपर लिहून जन्मभर मिरवणाऱ्याला तो आकडा आवर घालतो. माप वाईट नाही. पण मीटरची पट्टी घेऊन दूध मोजायला निघालं की कसं व्हायचं?”

नऊ दिवस त्या नवरा-बायकोने चारशे बारा कार्डं तपासली. कार्डावर नाव आणि साल होतं. तो माणूस त्या साली मॅडमच्या हाताखाली होता का, त्यांच्याबरोबर काम करत होता का, एवढंच शोधायचं. पण ‘एवढंच’साठी बाईंनी संस्थेचे जुने हजेरीपट उपसले, पत्रं लिहिली, परक्या माणसांना फोन केले. “नमस्कार, एक चौकशी होती. तुम्ही मॅडमचे विद्यार्थी होता का हो? नाही? छान. नाही म्हणजे, आमच्या दृष्टीने छान.” घड्याळजी याद्या वाचायचे आणि बाई खुणा करायच्या. यापुढे रंगावर भरवसा ठेवायचा नाही असं ठरलं. घरचं कार्ड निघालं की बाई कात्री घेऊन त्याचा वरचा उजवा कोपरा कापायच्या. कापलेला कोपरा उन्हाने परत येत नाही. सात जणांचा छडा काही केल्या लागला नाही. ती सातही कार्डं बाईंनी घरचीच धरली. “बाहेरची असतील गं,” घड्याळजी हळहळले. “असतील,” बाई म्हणाल्या आणि कोपरे कापले.

समितीच्या खोलीत मी लांब टेबलाच्या मधोमध होतो. संचालक होते, बाहेरून आलेले एक म्हातारे तज्ज्ञ होते, आणखी तिघे होते आणि कोपऱ्यात संगणकावर कामकाज टिपणारा लेखनिक. मॅडम बाहेर बाकावर.

“बाई, आम्हाला एकच आकडा हवाय,” संचालक म्हणाले. “तो आमच्याकडे आहे. सहा.”

“सहा विहिरी खणल्यात तिने, साहेब. दहा का नाही खणल्या ते विचारा, तुमचा हक्क आहे. पण पाणी कोण कोण भरतंय तेही एकदा बघा.” आणि बाईंनी वाचायला घेतलं. “एकूण कार्डं चारशे बारा. त्यातली घरची एक्केचाळीस, ती बाजूला. उरली तीनशे एकाहत्तर. त्यांपैकी वापरलं, दोनशे बारा. वाद घातला, एकोणीस. गर्दीत नाव, एकशे चाळीस.”

म्हाताऱ्या तज्ज्ञांनी कानातलं यंत्र नीट बसवलं. “त्यात माझं आहे का हो?”

बाईंनी मला ओढलं. मी करकरलो. “आहे. एक. गर्दीत नाव.”

मला वाटलं, झालं, बाईंनी पायावर धोंडा पाडून घेतला. पण म्हातारे खदखदून हसू लागले. “बरोबर आहे! तो पेपर मी वाचलाच नव्हता. सगळे नाव घेतात म्हणून घेतलं. वाचला तो नंतर.”

एवढ्यात दिवे गेले. पंखा थांबला, लेखनिकाचा संगणक काळा पडला. “गेलं सगळं!” तो ओरडला. “दोन तासांचं टाइप केलेलं!” काही मिनिटांनी दिवे आले. त्याने डोक्याला हात लावून संगणक चालू केला आणि त्याचा चेहरा उजळला. “नाही, नाही, आहे! शेवटच्या ओळीपर्यंत आहे!”

“कसं काय राहिलं?” संचालकांनी विचारलं.

“ते आपोआप होतं, साहेब.”

“आपोआप काही होत नसतं,” म्हातारे तज्ज्ञ म्हणाले. “ही खूण ठेवायची युक्ती बाहेर बाकावर बसलीय. बहुतेक अशा सगळ्याच प्रोग्रॅमांत ती आहे, फक्त कोणी नाव लिहीत नाही. बाई, करा एक कार्ड. तीनशे बाहत्तर.”

माझी सळई थरथरली. करा, बाई, करा! लाखो लोकांचं काम रोज जिच्यामुळे वाचतं तिचं हे एक कार्ड तरी करा!

“लिहिलेलं कुठे आहे?” बाईंनी विचारलं.

“लिहिलेलं नाही. पण मी सांगतोय ना.”

“मग नाही करता येणार,” बाई म्हणाल्या. “मलाही खूप करावंसं वाटतंय. पण पुराव्याशिवाय एक केलं, तर बाकीच्या तीनशे एकाहत्तरांना काय किंमत?”

म्हाताऱ्यांनी संचालकांपुढचा कागद स्वतःकडे ओढला. “जी बाई हे कार्ड करत नाही, तिची बाकीची कार्डं मी न मोजता मानतो. माझी सही घ्या. आकडा सहाच लिहा, खोटं नको. त्याच्या खाली बाईंचा तक्ता जोडा.”

पाचांपैकी तिघांनी सही केली. काठावर का होईना, मॅडम कायम झाल्या. बाहेर येऊन बाईंनी मॅडमना बातमी सांगितली. त्यांनी माझ्या तुटक्या मुठीच्या जागेवर हात ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या. छापखाना सरांनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं, “आता माझ्याही कार्डांचे कोपरे कापून बघा, बाई. पण कात्री धारदार आणा.”

दोन वर्षांनी बाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी मॅडम आपला सातवा निबंध घेऊन आल्या. संगणकशास्त्रातलं काम कसं मोजावं यावरचा. त्यांनी तो बाईंपुढे ठेवला. बाईंनी सवयीने शेवटून उघडला आणि यादीवरून बोट फिरवलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिथे बाईंचं नाव होतं आणि त्यांनी समितीसाठी केलेल्या त्या तक्त्याचं.

चाळीस वर्षं दुसऱ्यांची नावं शोधणाऱ्या माझ्या बाईंनी स्वतःचं नाव पहिल्यांदाच अशा यादीत पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग कोरं कार्ड घेतलं, त्यावर स्वतःचं नाव लिहिलं, खाली मॅडमचं, साल, आणि तळाशी एकच शब्द: ‘वापरलं’.

“झालं ना एक, बाई?” मॅडम म्हणाल्या. “पहिलं.”

“झालं,” बाई म्हणाल्या. त्यांनी कात्री उचलली आणि कार्डाचा वरचा उजवा कोपरा कापला. “पण मोजायचं नाही हं. घरचं आहे.”

ते कार्ड सगळ्यांत पुढे, माझ्या तोंडाशी आहे. मी आता मॅडमच्या खोलीत असतो, खिडकीपासून लांब. नवी कार्डं येत नाहीत, मोजणी यंत्रं करतात आणि ती माझ्यापेक्षा पुष्कळ भराभर करतात. माझा त्यांच्यावर राग नाही. तुमच्याकडे मागणं एकच. कोणाचं काही वापरलंत, तर त्याचं नाव लिहा. आणि कधी मला उलटं करायची वेळ आली, तर माझ्या तळाकडे एक नजर टाका. ‘४३, घासणे’. त्या सुताराचं नाव कोणी लिहून ठेवलेलं नाही. निदान त्याचं अक्षर पुसू नका.